तर्जनीची दोन पेरं गेली, तर कायद्यानं दिव्यांग म्हणायचं का?

औशाचा_मामा

नमस्कार मंडळी. भाचा, वय २५, संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका छोट्या कारखान्यात ठेकेदारामार्फत पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रावर) होता. ऑगस्ट २०२५ मध्ये उजवा हात डायखाली (साच्याखाली) सापडला. तर्जनी मधल्या पेराच्या निम्म्यातून तुटली होती. आठ दिवसांनी जखम काळी पडली म्हणून दुसरं ऑपरेशन करून मधल्या सांध्यापर्यंत बोट काढावं लागलं. आता तर्जनीचं फक्त मुळाचं पेर शिल्लक आहे. मधल्या बोटाचा शेंडा गेलाय, नखासकट मांस, पण हाड शाबूत आहे. ठरलेला पगार महिन्याला १६,०००.

मालक म्हणतो, "दोन बोटांनी कुणी अपंग होत नसतं. चाळीस टक्क्यांचं सर्टिफिकेट आणा, मग बघू." ठेकेदारानं ३०,००० रुपये हातावर ठेवून पाचशेच्या बाँडवर सही घेतली की आता काही मागणं नाही. त्यात एक जण भेटलाय, तो म्हणतो पंधरा हजार द्या, ४५ टक्के करून आणतो.

विचारायचं ते असं: एवढ्या इजेला कायदा अपंगत्व मानतो का? मानत असेल तर किती? आणि त्या सहीचं काय?

वकील_पैठणगेट

मामा, मालकानं दोन वेगळे कायदे एकात कालवलेत. चाळीस टक्क्यांची अट दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधली आहे, आणि तीही आरक्षण व सवलतींसाठी. कामावर झालेल्या इजेच्या भरपाईशी तिचा काही संबंध नाही. भरपाईला दिव्यांग प्रमाणपत्र लागतच नाही.

अपघात ऑगस्ट २०२५ चा आहे, म्हणून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ लागेल. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून आली, त्यानंतरच्या अपघाताचा अर्ज तिच्याखाली जातो. १९२३ च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात बोटाबोटाचा हिशोब लिहून ठेवलाय. तिथं टक्के म्हणजे कमाईची ताकद किती घटली त्याचे टक्के.

तर्जनी पूर्ण गेली तर १४, दोन पेरं गेली तर ११, एक पेर गेलं तर ९, आणि हाड न जाता नुसता शेंडा छाटला गेला तर ५. मधल्या बोटाला हेच आकडे १२, ९, ७ आणि ४. अनामिका किंवा करंगळीला ७, ६, ५ आणि २. अंगठ्याला ३०, त्याचं टोकाचं पेर गेलं तर २०.

भाच्याचे तर्जनीचे ११ आणि मधल्या बोटाच्या शेंड्याचे ४. एकाच अपघातातल्या इजांची रक्कम बेरजेनं धरायची असं कलम ४ च्या स्पष्टीकरणात आहे. म्हणजे १५ टक्के.

आता रुपये. कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम काढताना मासिक पगाराच्या ६० टक्क्यांना वयाच्या गुणकानं गुणायचं. पगार १६,००० असला तरी ३ जानेवारी २०२० पासून हिशोबाला जास्तीत जास्त १५,००० धरतात. त्याचे ६० टक्के ९,०००. वय २५ चा गुणक २१६.९१. गुणाकार १९,५२,१९०. त्याचे १५ टक्के म्हणजे २,९२,८२८ रुपये. शिवाय दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च मालकानं वेगळा द्यायचा, म्हणून औषधाची पावती न् पावती सांभाळा.

रक्कम अपघाताच्या दिवसापासून देय होते. प्रताप नारायण सिंग देव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७५ मध्येच हे सांगितलंय. महिनाभरात दिली नाही तर वर्षाला किमान १२ टक्के व्याज चढतं, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर भरपाईचे दावे ऐकणारे आयुक्त ५० टक्क्यांपर्यंत दंडही लावू शकतात.

बाँडचं सांगतो. कलम १७ प्रमाणे भरपाईचा हक्क सोडून देणारा करार शून्य असतो, बाँड पाचशेचा असो की पाच हजाराचा. मिळालेले ३०,००० लपवू नका. अर्जात तारखेसह लिहा, म्हणजे समोरच्याला तुम्हाला खोटं ठरवायला जागा उरत नाही.

"मी ठेकेदार नेमलाय, त्याच्याकडे जा" असंही मालक म्हणेल. कलम १२ नुसार मूळ मालकावरच मागणी करता येते. नंतर तो ठेकेदाराकडून वसूल करो.

खरा वाद होतो तो गार्डवर, म्हणजे यंत्राच्या सुरक्षा आडोशावर. पूर्ण अपंगत्व किंवा मृत्यू नसेल तर मालकाला एक बचाव आहे: कामगारानं सुरक्षा साधन जाणूनबुजून काढलं, स्पष्ट आदेश मोडला किंवा तो नशेत होता. नुसती बेपर्वाई झाली, डुलकी लागली, हात चुकला, यानं हक्क जात नाही. प्रेसला दोन हातांची बटणं होती की पायानं दाबायचं पॅडल होतं? डाय बदलताना गार्ड काढून ठेवला आणि उत्पादन वाढावं म्हणून सुपरवायझरनं तो परत लावू दिला नाही, असं बहुतेक ठिकाणी चालतं. त्या पाळीत शेजारच्या प्रेसवर कोण होतं त्याचं नाव आत्ताच लिहून ठेवा. वर्षभरानं तो माणूस दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

भाच्याच्या पगारातून ईएसआयसी (कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी) कापत होते का, ते आधी कळवा. त्यावर पुढचा रस्ता ठरतो.

अस्थिरोग_अंबाजोगाई

वर ११ टक्के सांगितले ते दोन पेरांचे. पण हे कागदावर कसं उतरतं ते बघा, कारण इथंच घोटाळा होतो.

पहिल्या डिस्चार्ज कार्डावर "मधल्या पेरातून" असं असणार. मधल्या पेराचा निम्मा तुकडा शिल्लक आहे, म्हणजे एकच पेर गेलं, असं समोरचा वकील म्हणेल आणि ९ वर आणून ठेवेल. दुसऱ्या ऑपरेशनची नोंद असलेलं कार्ड वेगळं घ्या. त्यात "तर्जनी, उजवा हात, मधल्या सांध्यातून विच्छेदन" असं स्पष्ट हवं. "क्रश इंज्युरी (चिरडल्याची इजा), उजवा हात" एवढंच लिहिलेलं कार्ड निरुपयोगी आहे. कधी डॉक्टर अंगठ्यापासून मोजून "दुसरं बोट" लिहितात आणि वाचणारा ते मधलं बोट समजतो. बोटाचं नाव अक्षरात लिहून मागा. सोबत शेवटच्या ऑपरेशननंतरचा एक्स-रे, समोरून आणि बाजूने असा दोन्ही बाजूंचा. फिल्मवर नाव आणि तारीख छापलेली हवी. एमएलसी नंबरही (पोलिसांत कळवलेल्या केसचा दवाखान्यातला नोंद क्रमांक) उतरवून घ्या.

आता दिव्यांग प्रमाणपत्र. ते देणारं डॉक्टरांचं मंडळ केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांतला तक्ता वापरतं. आकडे २०१८ च्या अधिसूचनेतले देतो. मार्च २०२४ मध्ये सुधारित अधिसूचना निघाली आहे, मंडळापुढे ती असते.

त्या तक्त्यात तर्जनी मधल्या पेरातून किंवा मधल्या सांध्यातून गेली तर १० टक्के. दोन्हीला एकच आकडा, म्हणजे ज्या फरकावर भरपाईचे आयुक्त भांडण ऐकतात तो फरक मंडळाला नसतो. मधल्या बोटाचं टोकाचं हाड गेलं तर २, पण इथं हाड शाबूत आहे, त्यामुळे विच्छेदनाच्या तक्त्यात त्या बोटाला काही नाही. उजव्या हातानं काम करणाऱ्याचा उजवा हात असेल तर ४ वाढीव. झाले १४. उरलेला सांधा आखडला, ठुंठावर नसेची दुखरी गाठ झाली, जखम चिघळत राहिली, तर अशा गुंतागुंतीला मिळून जास्तीत जास्त १० अधिक देता येतात. सगळं धरूनही २४. चाळीसच्या जवळपासही नाही.

चाळीसला किती लागतं याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. तर्जनी, मधलं, अनामिका आणि करंगळी ही चारही बोटं मुळापासून गेली आणि अंगठा राहिला, तर तक्त्यात १५, ५, ३ आणि २, एकूण २५. हीच चार बोटं भरपाईच्या कायद्यात ५० टक्के आहेत. अंगठा मुळाच्या सांध्यातून गेला तर २५. हात मनगटातून गेला तर ६०. पायाच्या एका अंगठ्याला १०, सगळ्या बोटांना २०, आणि पाऊल अर्ध्यातून गेलं तर ४०. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ३०. एकाच कानानं ऐकू येत नसेल तर व्याख्येतच बसत नाही, कारण तिथं दोन्ही कानांची मर्यादा घातली आहे.

कागदावरचे १४ आणि हाताचं खरं नुकसान यांत अंतर आहे, हे मान्य करायलाच हवं. अंगठा आणि तर्जनीची चिमूट गेली की व्हर्नियरची सरकपट्टी नीट पकडता येत नाही, छोटा स्क्रू उचलता येत नाही, शर्टाची वरची गुंडी लावायला वेळ लागतो. काही महिन्यांत मेंदू ती चिमूट मधल्या बोटाकडे वळवतो, पण भाच्याच्या त्याच बोटाचा शेंडा हळवा झालाय. फिजिओथेरपी अर्धवट सोडू देऊ नका. ठुंठावर रोज मऊ फडकं, मग खडबडीत टॉवेल, मग तांदळाच्या डब्यात हात घालणं, अशी हळूहळू सवय करायची. मुळाचा सांधा आखडला तर टक्के थोडे वाढतील, हात मात्र कायमचा अधू होईल.

तपासणीला जखम पूर्ण भरल्यावर आणि उपचार संपल्यावरच जा. आधी गेलात तर तात्पुरतं प्रमाणपत्र हातात पडतं किंवा परत पाठवतात.

त्या ४५ टक्केवाल्यापासून चार हात लांब राहा. खोट्या प्रमाणपत्रावर लाभ घेतला किंवा घ्यायचा प्रयत्न केला तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक्स-रेमध्ये दोन पेरं दिसतात आणि कागदावर ४५ टक्के, हे पुढच्या पडताळणीत पहिल्या नजरेत पकडलं जातं. वर त्यामुळे भाच्याचा भरपाईचा खरा दावाही संशयात येईल.

सेतू_कळंब

चाळीस होत नाहीत म्हणून प्रमाणपत्र काढायचंच नाही, असं करू नका. २०१६ च्या कायद्यात दोन पायऱ्या आहेत. दीर्घकाळाच्या व्यंगामुळे इतरांच्या बरोबरीनं वावरायला अडथळा येतो, ती दिव्यांग व्यक्ती. आणि चाळीस किंवा त्याहून जास्त टक्के, ती सवलतींसाठी पात्र असलेली. पहिल्या पायरीवरच्या माणसालाही भेदभावाविरुद्धचं संरक्षण आहे. सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना व्यंग आलं तर कामावरून काढता येत नाही आणि पद खाली आणता येत नाही, हे कलम २०(४) मध्ये आहे. तिथं चाळीसचा आकडा लिहिलेला नाही.

प्रमाणपत्राचा अर्ज केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवरच करायचा. आधार, फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा, डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे. आधारवर आणि दवाखान्याच्या कागदावर नाव एकसारखं हवं. वडिलांचं नाव एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, एवढ्यावरून अर्ज अडकतात. रुग्णालय निवडताना जिथं हाडांचे डॉक्टर मंडळावर बसतात ते निवडा: लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. तपासणीचा वार आधी विचारून जा, उन्हातान्हात हेलपाटा नको. उजव्या हाताचा अंगठा बायोमेट्रिकला लागत असेल तर चिंता नाही, पण तर्जनीचा ठसा आधारमध्ये असेल तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्या. नाहीतर रेशनच्या मशीनवर आणि बँकेत तेच बोट मागितलं जाईल.

२०२४ च्या सुधारित नियमांनुसार चाळीसच्या खाली पांढरं कार्ड, चाळीसपासून ऐंशीच्या आत पिवळं, ऐंशी आणि वर निळं. पांढऱ्या कार्डावर एसटीची सवलत, नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, संजय गांधी निराधारचं अनुदान किंवा आयकरातली वजावट यांतलं काहीच मिळत नाही. ते आधीच डोक्यात स्पष्ट असू द्या.

बँकेत २० रुपयांची सुरक्षा विमा योजना कापली जाते म्हणून बरेच जण इथं विचारायला येतात. त्यात एक हात, एक पाय किंवा एक डोळा पूर्ण निकामी झाला तर एक लाख. बोटांना काही नाही. शेतातल्या कडबा कुट्टीत किंवा मळणी यंत्रात असं झालं तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान आहे, तिथंही एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास एक लाख, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. दोन पेरं "एक अवयव" म्हणून मंजूर होतील या भरवशावर राहू नका.

परळी_वैजनाथ

मधेच विचारतो, विषय जवळचाच आहे. पुतणी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कडबा कुट्टीत उजव्या अंगठ्याचं टोकाचं पेर गेलं. पेन धरता येतो, पण पाऊण तासात हात भरून येतो. चाळीस टक्के नाहीत म्हणून कॉलेज जादा वेळ देत नाही.

सेतू_कळंब

दादा, चाळीसचं कारण सांगून नाकारता येणार नाही. विकास कुमार खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की लेखनिक देण्यासाठी चाळीस टक्क्यांची अट लावता येत नाही. त्या प्रकरणातल्या उमेदवाराला लिहिताना बोटं आखडण्याचा आजार होता. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला केंद्रानं चाळीसच्या आतल्या, पण लिहायला अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. लेखनिक आणि/किंवा दर तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास.

त्याला साधं दिव्यांग प्रमाणपत्र पुरत नाही. परीक्षेच्या वेळी लागू असलेल्या केंद्राच्या तत्त्वांना जोडलेल्या नमुन्यातच शासकीय रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. त्यात "लिहिण्यास अडचण" असे शब्द हवेत, नुसता "अंगठ्याचं विच्छेदन" असा शेरा चालत नाही. परीक्षेचा अर्ज भरतानाच द्या, पेपरच्या आदल्या दिवशी नेलं तर केंद्रप्रमुखाच्या हातात काही नसतं. अर्जाची पोच घ्या.

औशाचा_मामा

सगळ्यांचे आभार. वकीलसाहेब, पगाराची चिठ्ठी कधी मिळालीच नाही, पैसे बँकेत यायचे. ईएसआयसी कापत नव्हते. ठेकेदार म्हणतो माझ्याकडं सातच माणसं आहेत, मला लागू नाही. मालकाची स्वतःची पाच-सहा असतील. आणि भाचा आता औशाला घरीच आहे, दर तारखेला संभाजीनगरला येणं परवडणार नाही.

वकील_पैठणगेट

सात आणि पाच म्हणजे बारा. कारखान्यात माणसं मोजताना ठेकेदाराचीही धरतात, आणि दहा किंवा जास्त माणसं झाली की राज्य विमा (ईएसआयसी) लागू. पगार २१,००० च्या आत, त्यामुळे भाचा त्यात बसतो. वर्गणी "भरलेली" असायला हवी असं नाही, "देय" असली तरी तो विमाधारक ठरतो. मालकानं भरली नाही तर राज्य विमा महामंडळ लाभ देऊन मालकाकडून वसूल करतं.

पण इथं मोठा फरक पडतो. विमाधारक ठरला तर राज्य विमा कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे १९२३ च्या कायद्याखालची ठोक रक्कम मिळत नाही. त्याऐवजी कायमच्या अपंगत्वाचा मासिक लाभ मिळतो, आयुष्यभर. टक्के त्याच धर्तीच्या परिशिष्टातले. ढोबळ हिशोब असा: १६,००० ला रोजचे ५३३, त्याचे ९० टक्के ४८०, त्याचे १५ टक्के ७२. महिन्याला साधारण २,१६० रुपये. पंचविशीतल्या पोराला आयुष्यभराचे २,१६० आणि वर महागाईनुसार होणारी वाढ, हे एकरकमी पावणेतीन-तीन लाखांपेक्षा कमी समजू नका. जखम भरेपर्यंतच्या रजेचे ९० टक्के वेगळे.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी विमा महामंडळाच्या कार्यालयात लेखी तक्रार, सोबत बँकेचं पासबुक, ठेकेदारानं दिलेलं गेटपास किंवा ओळखपत्र असेल तर ते, आणि त्या पाळीतल्या दोन सहकाऱ्यांची नावं. अपघाताचा अहवाल मालकानं नमुना १२ मध्ये पाठवायचा असतो. पाठवलाय का ते लेखी विचारा. अपघातानंतर घाईघाईनं नाव नोंदवून कामाला लागल्याची तारीख ऑगस्टनंतरची दाखवली जाते. तसं दिसलं तर पासबुकातली जून-जुलैची पगाराची नोंद हाच तुमचा पुरावा.

दुसरीकडे, १९२३ च्या कायद्याखाली अर्जाची मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे ऑगस्ट २०२७. महामंडळाचं उत्तर येत नसेल तर मुदतीच्या आत आयुक्तांपुढे अर्ज टाकून ठेवा आणि महामंडळाकडे केलेल्या तक्रारीचा उल्लेख त्यात करा. पैसे एकाच दारातून मिळतील, पण मुदत गेली म्हणून दोन्ही दारं बंद व्हायला नकोत.

आणि तारखांसाठी संभाजीनगरला यायची गरज नाही. १९९५ च्या दुरुस्तीनंतर कामगार जिथं राहतो तिथल्या आयुक्तांकडे अर्ज करता येतो. औसा लातूर जिल्ह्यात, म्हणून लातूरला दाखल करा. रहिवासाचा पुरावा म्हणून औशाच्या पत्त्याचं आधार जोडा. त्यावर वाळूजच्या खोलीचा पत्ता असेल तर आधी तो बदलून घ्या.